गाठीची कड

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो: किती कापायचं?

१८९४ साली अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी आपली पद्धत मांडली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढून टाकायचं. बाई वाचली तरी हात पुन्हा धड चालेलच असं नाही. ही पद्धत पाऊणशे वर्षं चालली, आणि त्यात पुराव्यापेक्षा हॉल्स्टेड यांच्या दराऱ्याचाच वाटा मोठा असावा असं मला वाटतं. सत्तरच्या दशकात इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी रीतसर तुलना सुरू केली. वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. गाठ लहान असेल तर तेवढीच काढून वर रेडिएशन दिलं, तरी बाई तेवढीच जगते!

मग प्रश्न आला कडेचा. गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही कापतात. त्या कडेवर कर्करोगाच्या पेशी आहेत का, हे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काही दिवसांनी सांगतो. इंग्लंडमध्ये पाचातल्या एकीला पुन्हा टेबलावर जावं लागतं, असं २०१२ साली एका मोठ्या पाहणीत दिसलं. कड तिथल्या तिथे दिसली तर? टेराहर्ट्झ लहरींची आशा ती हीच. मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधल्या या लहरी. एक्स-रेसारखा त्यांचा अपाय नाही. पाणी त्यांना शोषून घेतं, आणि गाठीत चरबीपेक्षा पाणी जास्त. २००६ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी कापून काढलेल्या २२ नमुन्यांवर हे करून पाहिलं. गाठीचा आकार पॅथॉलॉजीशी बराच जुळला. पण त्याच पाण्यामुळे या लहरी शरीरात जेमतेम मिलिमीटरभर शिरतात. छातीतली गाठ शोधायला त्यांचा उपयोग नाही. शिवाय निरोगी तंतुमय भागही गाठीसारखाच दिसतो. यंत्र अजून प्रयोगशाळेतच आहे.

परभणीत बसून हे वाचताना मनात येतं, मिलिमीटरच्या कडेचा प्रश्न पडायला आधी गाठ लहान हवी. त्यासाठी आपल्याकडे झालेलं काम साध्या हातांचं आहे. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने करत. २०२१ साली निष्कर्ष आले: रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तो फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

त्याआधी, १९८७ साली, बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मराठवाड्यातले भूम आणि परंडा हे तालुकेही तिच्यात होते. ही माणसं रुग्णाची वाट बघत बसली नाहीत, गावोगाव फिरून लक्षणं सांगत गेली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्यापेक्षा लवकर येऊ लागल्या.

आमच्याकडे अजूनही ‘दुखत तर नाही’ म्हणून गाठ पदराआड राहते. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाहीच.