बिडाचे झाकण, पोलादाचा तंतू आणि गंज

नगर-प्रशासनाचा इतिहास लिहिणारे बहुधा धरणे, पाणीपुरवठा योजना, नगरपालिका कायदे यांच्याविषयी लिहितात. रस्त्याच्या मधोमध पडलेल्या, ज्यावरून आपण रोज जातो त्या मॅनहोलच्या झाकणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते जागेवर नसते तेव्हाच ते दिसते. तरीही या झाकणाने गेल्या चार दशकांत आपल्या देशात एक मोठे स्थित्यंतर पाहिले. बिडाची जागा काँक्रीटने घेतली, आणि त्या काँक्रीटला बळ देण्यासाठी सळईऐवजी बोटभर लांबीचे पोलादी तंतू आले. हे पोलाद ओल्या, आम्लयुक्त, कुबट जागेत गंजणार नाही काय, हा प्रश्न त्या वेळी उभा राहिला आणि आजही विचारला जातो.

आपल्याकडील आधुनिक भूमिगत गटारांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. कोलकात्यात विल्यम क्लार्क या अभियंत्याची योजना १८५५ ची. पुढे मुंबईसारख्या शहरांतही अशी कामे झाली. त्यांबरोबर बिडाची झाकणे आली. बीड हा मोठा सोशिक धातू आहे. त्यावर गंज चढतो, पण जाड ओतकामात तो सावकाश आत शिरतो आणि शंभर वर्षांची झाकणे जगात अनेक शहरांत अजून वाहने पेलत आहेत. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या वाचकांनी पायाखाली पाहिले तर काही झाकणांवर ‘मेड इन इंडिया’ ही अक्षरे आढळतील. ती हावड्याच्या ओतशाळांतून गेलेली असतात. २००७ मध्ये तिथल्या अनवाणी कामगारांची छायाचित्रे अमेरिकन वृत्तपत्रात आली तेव्हा बरीच चर्चा झाली होती.

मग बिडाला पर्याय शोधण्याची गरज का पडली? गंजामुळे नव्हे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत ५६० मिलिमीटर व्यासाच्या जड वाहतुकीसाठीच्या बिडाच्या झाकणाचे किमान वजन १०८ किलो दिले आहे, आणि चौकटीचे १००. म्हणजे दोन क्विंटलांहून अधिक धातू, रात्रभर रस्त्यावर, राखणदाराविना. त्याला भंगारात रोख भाव आहे. भंगाराचे भाव जगभर चढले त्या २००४ साली कोलकात्यात दोन महिन्यांत दहा हजार झाकणे नाहीशी झाल्याच्या बातम्या होत्या. लंडन आणि शिकागोही त्या वर्षी सुटले नाहीत. चोराला मिळतात काहीशे रुपये. मागे राहते ते उघडे भोक, आणि पावसाळ्यात त्यावर गुडघाभर पाणी. त्यात पडणाऱ्याचा हिशेब कोणत्याही दरसूचीत नाही.

गाझियाबादच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरने १९८० च्या दशकात पोलादी तंतूंच्या काँक्रीटची झाकणे विकसित केली, ती या पार्श्वभूमीवर. कल्पना नवी नव्हती. मातीत भुसा कालवून भिंत लिंपणाऱ्या आपल्या आजीलाही तिचे मर्म ठाऊक होते. काँक्रीटपुरते बोलायचे तर १८७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ए. बेरार्ड याने कृत्रिम दगडात लोखंडाचा चुरा मिसळण्याचे पेटंट घेतले होते. परंतु तिला शास्त्रीय बैठक मिळाली ती पिट्सबर्गच्या जेम्स रोमुआल्डी आणि बॅट्सन यांच्या १९६३ च्या लेखनाने. काँक्रीट तुटते ते त्यातील सूक्ष्म भेगा पसरत गेल्यामुळे. भेगेच्या वाटेत जवळजवळ तंतू असतील तर तिला पुढे सरकायला अधिक बळ लागते, हे त्यांनी दाखवले. पुढच्या दशकात बेल्जियममध्ये टोकाला वळवलेले तंतू निघाले आणि काँक्रीटमधून तंतू उपसून येण्याची अडचण बरीच कमी झाली.

भारतीय मानक ब्युरोने १९८८ मध्ये आय.एस. १२५९२ हे मानक अशा झाकणांसाठी काढले आणि २००२ मध्ये सुधारले. त्यात झाकणांचे चार वर्ग आहेत, अडीच, दहा, वीस आणि पस्तीस टनांचे. पहिला वर्ग पादचाऱ्यांच्या वाटेसाठी, शेवटचा अतिजड वाहतुकीसाठी. यात एक गंमत आहे. एरवी आपण वस्तू जितकी मौल्यवान तितकी चांगली मानतो. इथे मात्र जिची किंमत भंगारवाल्याने शून्य ठरवावी ती वस्तू सर्वांत उत्तम. साधा हिशेब करून पाहा. ५६० मिलिमीटर व्यास आणि दहा सेंटिमीटर जाडी धरली तर काँक्रीटचे आकारमान सुमारे पंचवीस लिटर होते. त्यात एक टक्का तंतू घातले तर पोलाद भरते दोन किलोच्या आत, आणि तेही हजारो तुकड्यांत विखुरलेले. सळई असलेले झाकण फोडून कोणी सळई ओढून काढील, पण तंतू वेचून विकणे कोणाला परवडणार?

आता गंजाचा प्रश्न. काँक्रीटच्या छिद्रांतले पाणी अतिशय अल्कधर्मी असते, त्याचा सामू साडेबारा ते तेरा. अशा वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर बसतो आणि तोच गंजाला अडवतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ही अल्कता कमी झाली, अथवा समुद्राच्या हवेतील क्षार आत शिरले, की तो थर फुटतो. लांब सळईच्या बाबतीत मग संकट दुहेरी होते. सळईचा एक भाग धनाग्र आणि दूरचा भाग ऋणाग्र बनून विद्युत्-रासायनिक क्रिया वेगाने चालते. आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींच्या छज्जांत हे दृश्य कोणालाही पाहता येते.

तंतूंचे तसे होत नाही. प्रत्येक तंतू तीन ते सहा सेंटिमीटरचा, शेजाऱ्यापासून बहुधा अलग, म्हणून मोठा विद्युत्-घट तयार होण्यास जागाच नाही. तो गंजलाच तर अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचा गंज एवढा थोडा असतो की, काँक्रीट फोडण्याइतका दाब निर्माण होत नाही. १९८० च्या दशकात अबर्डीनमध्ये मंगत आणि गुरुसामी यांनी सागरी वातावरणातल्या तंतुयुक्त काँक्रीटचा दीर्घ अभ्यास केला. अशा अनेक अभ्यासांतून साधारण हेच हाती आले की, पृष्ठभागालगतचे तंतू गंजून तांबूस ठिपके पडतात, आतले सुरक्षित राहतात. अनेक अधिकारी ते ठिपके पाहूनच माल नाकारतात. तो निर्णय घाईचा असतो असे मला वाटते, कारण डाग हा शोभेचा प्रश्न आहे, बळाचा नव्हे.

या गुणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भेग एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तोवर तंतू टिकतो. रुंद झाली आणि पाणी, क्षार आत येऊ लागले, तर जी बारीक तार गंजाचा दाब निर्माण करू शकत नाही तीच बारीक असल्याने लवकर झिजून तुटते. सळईला झिजायला वर्षे लागतात, तंतूकडे तेवढे मांसच नाही. ट्रकच्या चाकांखाली रोज दबणाऱ्या झाकणात भेगा पडणे अटळ आहे. त्यात गटाराची हवा. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू झाकणाच्या ओल्या तळाशी जमतो आणि जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. ही जिवाणूंची करामत मेलबर्नच्या पार्करने १९४५ मध्ये उघड केली. ते आम्ल आधी काँक्रीटच खाते. मग पोलादाचे रक्षण करणारी अल्कता कोठून उरणार?

मानक करणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणूनच झाकणाच्या खालच्या बाजूला गंजरोधक रंग द्यावा, कडेला ठोकर लागू नये म्हणून पोलादी पट्टी बसवावी व तीही रंगवावी, अशा सूचना केंद्रीय बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत आहेत. निविदेत त्या शब्दशः उतरतात. माल उतरवून घेताना मात्र झाकण पालथे करून पाहण्याची पद्धत फारशी नाही, कारण ते जड असते आणि वरची चौकड्यांची नक्षी दिसायला छान असते. तंतूंचे प्रमाण तर साच्यातून निघालेल्या झाकणात डोळ्यांनी कळतच नाही. ते ओल्या मिश्रणाचा नमुना धुऊन, तंतू चुंबकाने वेगळे करून तोलावे लागते, म्हणजे कारखान्यावर माणूस पाठवावा लागतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून तपासणीचा खर्च वाचवला की, सिमेंट-वाळूचे नुसते ताट हाती येते.

आणि सगळी झाकणे चोरीमुळेच उघडी राहतात असेही नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतील अतिवृष्टीत एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ, रस्त्यावरचे पाणी ओसरावे म्हणून लोकांनीच उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू पावले. त्यानंतर महापालिकेने झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम हाती घेतले. झाकण कशाचे, याला त्या दिवशी काही अर्थ नव्हता.

रोजच्या वापरात या झाकणाचा शेवट वेगळ्याच ठिकाणी सुरू होतो. ते उचलण्यासाठी दोन लोखंडी कड्या असतात, बाहेर उघड्यावर. जस्ताचा मुलामा नसेल तर चार-सहा पावसाळ्यांत त्या गंजून गळतात. मग गटार साफ करायला आलेला कामगार काय करणार? तो पहार घालून कडेवर जोर देतो, कडेची पट्टी सुटते, कोपरा तुटतो, आणि पुढच्या ट्रकला झाकण मधोमध दुभंगते. ठेकेदार म्हणतो माल चांगला होता, खाते म्हणते काँक्रीट टिकत नाही. फुटलेल्या तुकड्याच्या ताज्या कडेत मात्र आतले तंतू बहुधा स्वच्छ, करड्या रंगाचेच दिसतात.