लंडनला जाताय? बिग बेनपाशी जेवू नका, ट्यूब पकडा

अंकुशनगर म्हटलं की जालना जिल्ह्यात पहिल्यांदा आठवतो तो समर्थ साखर कारखाना. ऊस, गाळप, काटा हे तिथले रोजचे शब्द. पण आता अंबड, घनसावंगी पट्ट्यातल्या घरांमध्ये आणखी काही शब्द ऐकू येतात. मास्टर्स, व्हिसा, हीथ्रो. पोरगं नाहीतर पोरगी शिकायला इंग्लंडला जाते, वर्ष-दीड वर्षात पदवीदान समारंभ ठरतो आणि आई-बाबांचं लंडनचं तिकीट निघतं.

मग घरात सगळ्यात मोठा प्रश्न काय असतो? बिग बेन कधी बघायचं हा नाही. आठ दिवस खायचं काय, हा.

एक पाऊंड म्हणजे शंभर रुपयांच्या वरच. त्यामुळे प्रत्येक बिलाचा मनातल्या मनात गुणाकार होतो आणि घास घशात अडकतो. त्यावर बरेच जण दोन उपाय करतात. एक तर बॅगभर दशम्या आणि चिवडा न्यायचा, नाहीतर जिथे फिरतोय तिथेच समोर दिसेल त्या हॉटेलात शिरायचं. पहिला उपाय तीन दिवस पुरतो. दुसरा खिशाला परवडत नाही. लंडनचा साधा हिशोब असा आहे की बघायच्या जागा एकीकडे आणि खायच्या जागा दुसरीकडे. पर्यटक जिथे फोटो काढतात तिथलं जेवण महाग आणि बेताचं. आपल्याकडची माणसं जिथे राहतात तिथलं स्वस्त आणि ओळखीच्या चवीचं. मधे फक्त ट्यूबचा, म्हणजे तिथल्या मेट्रोचा, प्रवास असतो.

आधी बॅगेचं बघू

भारतातून ब्रिटनमध्ये जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर आणि आईने आठवणीने भरून दिलेली तुपाची बरणी, सगळं बाद. सापडलं तर विमानतळावरच काढून घेतात. बहुतेक ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तेलातल्या चकल्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, पापड यांची अडचण नाही. आणि तूप तिथल्या भारतीय दुकानांमध्ये मिळतं, त्यासाठी एवढी जोखीम घ्यायचं कारण नाही.

विमानतळाजवळच वडापाव

हीथ्रोवरून शहरात जाणारी ट्यूबची पिकॅडिली लाइन हौन्स्लो नावाच्या भागातून जाते. या हौन्स्लोच्या हाय स्ट्रीटवर 'श्री कृष्ण वडापाव' आहे.

याची गोष्ट सांगायलाच हवी. सुजय सोहनी आणि सुबोध जोशी हे मुंबईतल्या कॉलेजातले मित्र, दोघंही हॉटेल मॅनेजमेंट शिकलेले. सुजय लंडनमध्ये एका पंचतारांकित हॉटेलात नोकरीला होते. २००९ च्या मंदीत ती नोकरी गेली. वडापाव खायलाही पैसे नाहीत असं ते सुबोध यांना बोलून गेले आणि त्यातूनच वडापाव विकायची कल्पना निघाली. दुकान घ्यायला पैसे नव्हते. शेवटी एका पोलिश आइस्क्रीम पार्लरने महिना ४०० पाऊंड भाड्याने दुकानातला एक कोपरा दिला. २०१० मध्ये तिथून एक पाऊंडाला वडापाव आणि दीड पाऊंडाला दाबेली सुरू झाली. सुरुवातीला गिऱ्हाईक येत नव्हतं, तेव्हा दोघांनी रस्त्यावर उभं राहून लोकांना फुकट वडापाव खायला दिले. आता स्वतःची दुकानं आहेत, हॅरोसारख्या भागातही शाखा आहे. एक पाऊंडाचा दर आता राहिलेला नाही, तेवढी तयारी ठेवून जा.

विमानातून उतरल्यावर बॅगा घेऊन तिथे जावं का? मुलगा किंवा मुलगी पश्चिम लंडनमध्ये राहत असेल तर खुशाल जा. नाहीतर परतीच्या दिवशी ठेवा.

मध्य लंडनमध्ये अडकलात तर

ब्रिटिश म्युझियम बघून दुपारी दोन वाजता भूक लागली की सगळ्यात जवळचा आसरा म्हणजे यूस्टन स्टेशनच्या मागची ड्रमंड स्ट्रीट. चालत वीसेक मिनिटं. छोटी गल्ली, पण दक्षिण भारतीय आणि गुजराती शाकाहाराची जुनी जागा. 'दिवाना भेळपुरी हाऊस' इथे १९७० च्या दशकापासून आहे. डोसा, भेळ, थाळी असा साधा मेनू. 'अंबाला' या मिठाईवाल्यांनीही आपलं पहिलं दुकान १९६५ मध्ये याच गल्लीत टाकलं. यूस्टनला एचएस-टू या हायस्पीड रेल्वेचं खोदकाम सुरू झाल्यापासून इथल्या दुकानदारांचा धंदा बसलाय, त्यामुळे जाण्याआधी दुकान उघडं आहे का ते फोनवर बघून घ्या.

एक सूचना. जुन्या व्हिडिओंमध्ये आणि प्रवासाच्या यादीत तुम्हाला स्ट्रँडवरचा 'इंडिया क्लब' दिसेल. १९५१ पासून चालणारी, कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशी नातं असलेली ही जागा सप्टेंबर २०२३ मध्ये कायमची बंद झाली. तिथे जिना शोधत फिरू नका.

रीजंट स्ट्रीटवरचं 'वीरास्वामी' १९२६ चं, ब्रिटनमधलं सगळ्यात जुनं भारतीय रेस्टॉरंट म्हणून ओळखलं जातं. इतिहास मोठा आणि बिलही मोठं. 'दिशूम' २०१० मध्ये कोव्हेंट गार्डनजवळ सुरू झालं, मुंबईच्या इराणी कॅफेंची आठवण म्हणून. चांगलं आहे, पण संध्याकाळी रांग असते. मुंबईहून लंडनला जाऊन इराणीसाठी रांग लावायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत नको असं आहे. ब्रिक लेनवर दारात उभं राहून हाका मारणारे 'इंडियन' हॉटेलवाले बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटचे आहेत. तिथली करी इंग्रज जिभेसाठी बनलेली असते, घरच्या रश्श्याची अपेक्षा धरू नका.

बाबासाहेबांचं घर बघायला जाणार असाल तर

महाराष्ट्रातून लंडनला जाणारे बरेच जण १०, किंग हेन्रीज रोडला आवर्जून जातात. १९२१-२२ च्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि तिथे संग्रहालय केलं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलांसाठी तर हा पत्ता म्हणजे पहिला पत्ता. लंडनच्या त्या दिवसांत बाबासाहेब अर्धपोटी अभ्यास करायचे, रात्री भूक अनावर झाली की पापड भाजून खायचे, हे त्यांच्या चरित्रात वाचलेलं असतं. त्या खोल्यांमध्ये उभं राहिल्यावर ते आठवतंच.

घर निवासी वस्तीत आहे, आजूबाजूला खाऊगल्ली नाही. जवळचं स्टेशन चॉक फार्म. तिथून चालत कॅम्डन मार्केटला जाता येतं. तिथे जगभरातल्या पदार्थांचे स्टॉल आहेत आणि शाकाहारी, वेगन पर्यायही भरपूर. नाहीतर डबा न्या आणि शेजारच्या प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर गवतात बसून खा. अख्खं लंडन समोर दिसतं आणि खर्च शून्य.

पोटभर, आपल्या पद्धतीचं

वेम्बलीजवळची ईलिंग रोड ही गुजराती गल्ली, ॲल्पर्टन स्टेशनपासून चालत. फरसाण, चाट, पान आणि भाजीच्या गाड्यांवर कोथिंबीर, मेथीसुद्धा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी नीसडनच्या स्वामीनारायण मंदिरासमोर 'शायोना' आहे. तिथून जवळच डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू आहे. हे मंडळ १९३२ चं. ते हॉटेल नाही, पण गणपती, दिवाळीच्या सुमारास जाणार असाल तर त्यांचे कार्यक्रम बघून ठेवा. कार्यक्रमाला जेवण असलं तर मराठी पंगत मिळते.

आणि साउथॉल. हीथ्रोवरून एलिझाबेथ लाइनने थोड्याच मिनिटांत. पंजाबी वस्ती, त्यामुळे छोले, पराठे, जिलेबी. इथल्या हॅवलॉक रोडवरच्या गुरुद्वारा श्री गुरु सिंग सभेत लंगर चालतो. जेवण शाकाहारी, सगळ्यांना मोफत. डोकं झाकायचं, बूट काढायचे, खिशात तंबाखू-सिगारेट ठेवायची नाही आणि ताटात टाकायचं नाही. महिनाअखेर हात आखडलेल्या विद्यार्थ्याने इथे जायला लाजू नये, लंगर त्यासाठीच असतो.

व्हेजिटेरियन म्हणजे अंडं चालतं

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात. ब्रिटनमध्ये पाकिटावर 'व्हेजिटेरियन' लिहिलं असेल तर त्यात मांस-मासे नाहीत एवढंच समजायचं. अंडं असू शकतं. सँडविचमधल्या मेयोनीजमध्ये बहुधा असतंच. आपल्यासारखा हिरवा ठिपका तिथे नाही.

पण एक सोपी युक्ती आहे. तिथल्या कायद्यानुसार ॲलर्जी देणारे १४ घटक पाकिटावरच्या यादीत ठळक दाखवावे लागतात. अंडं त्यातलं एक. दुकानातच बनवून पॅक केलेल्या सँडविचलाही ऑक्टोबर २०२१ पासून हा नियम लागू आहे. त्यामुळे आईला एवढंच शिकवा, पाकीट उलटं कर आणि ठळक अक्षरात 'एग' शोध. 'वेगन' लिहिलेलं असेल तर घटकांमध्ये अंडं आणि दूध दोन्ही वापरलेलं नसतं. जेली, गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं. फिश अँड चिप्सच्या काही दुकानांत बटाट्याच्या चिप्स गाईच्या चरबीत तळतात, म्हणून आधी विचारा.

बिल

टेबलावर बसलात की वेटर विचारतो, 'स्टिल ऑर स्पार्कलिंग?' दोन्ही बाटल्या विकतच्या. 'टॅप वॉटर' म्हणा. दारूचा परवाना असलेल्या हॉटेलला मागितल्यावर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, आणि लंडनच्या नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला दिसेल. ४० पाऊंडांवर ५ पाऊंड. त्यापुढे 'डिस्क्रिशनरी' किंवा 'ऑप्शनल' लिहिलेलं असेल तर तो ऐच्छिक असतो, काढायला सांगता येतो. मात्र ऑक्टोबर २०२४ पासून हे पैसे मालकाला ठेवता येत नाहीत, कामगारांनाच द्यावे लागतात. सेवा बरी असेल तर द्या, पण वर वेगळी टिप ठेवू नका.

थंड सँडविच बाहेर नेलं तर त्यावर व्हॅट नाही, तेच आत बसून खाल्लं तर २० टक्के. म्हणून बऱ्याच कॅफेत एकाच वस्तूचे दोन दर असतात. सुपरमार्केटमधलं 'मील डील', म्हणजे सँडविच, एक खाऊ आणि पेय, चार-पाच पाऊंडांत भागतं.

पबमध्ये जायचं का?

जायचं. पब म्हणजे आपल्याकडचा परमिट रूम नव्हे. घरातले सगळे बसतात, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळपर्यंत मुलंही चालतात आणि नुसता ऑरेंज ज्यूस घेतला तरी कुणी वाकडं बघत नाही. फक्त टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. बहुतेक पबमध्ये काउंटरवर जाऊन सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. बिअरचा पाइंट म्हणजे ५६८ मिली, झेपत नसेल तर 'हाफ' मागा. व्हिस्कीचा सिंगल २५ किंवा ३५ मिलीचा असतो, आपल्या साठच्या पेगची सवय असलेल्यांना तो रिकामा ग्लास वाटेल. वय १८ असलं तरी पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. स्वयंपाकघर रात्री नऊच्या आसपास बंद होतं, त्यामुळे आधी जेवण सांगा, मग गप्पा. आणि उरलेली बिअर हातात घेऊन ट्यूबमध्ये चढू नका. २००८ पासून तिथे दारू प्यायला आणि उघडी बाटली बाळगायला बंदी आहे.