आनगोंग न्यूहुआंग वान : ‘अंगावरून वारं गेलं’ त्यावरची चिनी गोळी

पक्षाघात झाला की आपल्याकडची जुनी माणसे ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. ‘अर्धांगवायू’ या शब्दातही वायूच आहे. चिनी वैद्यकातही या आजाराचे नाव ‘चोंगफंग’, म्हणजे वाऱ्याचा आघात, असे आहे. त्यावरची सर्वांत प्रसिद्ध गोळी म्हणजे आनगोंग न्यूहुआंग वान.

नाव आणि उगम
‘आनगोंग’ म्हणजे राजवाडा शांत करणे, ‘न्यूहुआंग’ म्हणजे गोरोचन (गुराच्या पित्ताशयातील खडा) आणि ‘वान’ म्हणजे गोळी. चिनी वैद्यक मनाचे स्थान हृदयात मानते. तोच हा राजवाडा. वैद्य वू जूतोंग यांनी 1798 च्या ‘वनबिंग त्याओब्येन’ या ग्रंथात हा योग दिला. मूळ उपयोग तीव्र तापात बेशुद्ध पडलेल्या रुग्णासाठी होता. पुढे तो पक्षाघातातही होऊ लागला.

घटक
यात 11 घटक आहेत: गोरोचन, म्हशीचे शिंग, कस्तुरी, मोती, हिंगूळ, मनशीळ, बोर्निओल कापूर, हळदीच्या कुळातील कंद आणि तीन कडू वनस्पती. हे चूर्ण मधात वळून साधारण 3 ग्रॅमची गोळी करतात. पूर्वी गेंड्याचे शिंग वापरत. चीनने 1993 मध्ये त्याच्या व्यापारावर बंदी घातल्यावर म्हशीचे शिंग आले.

कोणाला देतात
चेहरा लाल, अंग गरम, दातखीळ बसलेली, मुठी आवळलेल्या, घशात कफाची घरघर: या अवस्थेला उष्ण कफाने मनाची दारे बंद झाली असे म्हणतात. चेहरा पांढरा आणि हातपाय गार असतील तर चिनी वैद्यही ही गोळी देत नाहीत. गर्भवतींना ती वर्ज्य आहे. तरीही पक्षाघात होऊ नये म्हणून निरोगी माणसांनी ती खाण्याची प्रथा चीनमध्ये पसरली आहे.

प्रसिद्धी आणि पुरावा
2002 मध्ये लंडनजवळच्या रेल्वे अपघातात हाँगकाँगच्या फीनिक्स वाहिनीच्या पत्रकार ल्यू हायरुओ कोमात गेल्या. बीजिंगला त्यांना ही गोळी दिली गेली, त्या शुद्धीवर आल्या आणि गोळीचे नाव घरोघरी पोहोचले. पण त्यांच्यावर अतिदक्षता विभागातील उपचारही चालू होते. श्रेय एकट्या गोळीला देता येत नाही.

धोका
हिंगुळात पारा आहे, मनशिळेत आर्सेनिक. चूर्णात या दोघांचा वाटा प्रत्येकी सुमारे दहावा हिस्सा आहे. वारंवार घेतल्यास यकृत आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी’ हा समज इथे खोटा ठरतो.

दुसरा धोका वेळेचा. पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे मेंदूचा स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

म्हणून तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले तर गोळी, काढा, तेल यांत वेळ घालवू नका. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, 108 ला फोन करा आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला एवढे पाठ हवे.