पिस्टनवरचा आकडा

इतिहास म्हटला की आपण ताम्रपट आणि बखरी यांच्याकडे धावतो. आमच्या सांगवीत मला एक लेख सापडला, तो मात्र जावा मोटारसायकलच्या पिस्टनच्या माथ्यावर. मजकूर एवढाच : ६५.५०.

जावा हे नाव १९२९ सालचे. यानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने जर्मन वांडरर कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरे जोडली. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी १९६१ मध्ये म्हैसूरला ही गाडी बांधायला घेतली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. वडिलांची गाडी तिथलीच. ते गेल्यावर ती गोठ्यात कडब्याआड उभी राहिली. भंगारवाला वजनावर भाव बोलू लागला, तेव्हा मी ती बारामतीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांचा हात कालव्याकाठच्या ऑइल इंजिनांवर बसलेला.

"खोलायचं तुम्ही, गुरुजी. मी नुसतं सांगणार," ते म्हणाले.

मी आयुष्यात सायकलच्या पंक्चरपलीकडे गेलेलो नव्हतो. पण हे टू-स्ट्रोक इंजिन समजायला सोपे निघाले. त्याला व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या उघडतो, मिटतो. रिंगांची टोके त्या खिडक्यांत अडकू नयेत म्हणून खाचेत बारीक खिळी बसवलेली असते. क्रँककेसमधून मात्र हवा निसटता कामा नये. त्यासाठी मिस्त्रींनी दोन्ही सील माझ्याकडून तीनदा काढून पुन्हा बसवून घेतली. शाळेत मी मुलांना एवढे छळत नाही.

मग पिस्टन हाती आला. जावाचा कोरा पिस्टन ६५ मिलिमीटरचा. सिलिंडर झिजला की तो आतून कातून मोठा करतात आणि पाव-पाव मिलिमीटरने वाढता पिस्टन घालतात. वडील तर छातीठोकपणे सांगत, "कंपनीचं इंजिन आहे, कुणाचा हात लागलेला नाही!"

आईला विचारले. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "दुष्काळात माझ्या पाटल्या गेल्या, त्या कुठं गेल्या असं वाटलं तुला?"

१९७२ चा दुष्काळ. राज्यभर दुष्काळी कामे निघाली; १९७३ च्या मे महिन्यात त्यांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. आमच्याकडे नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासूनचे. सुप्याकडचा जिराईत भाग मात्र करपला होता. वडील तिकडे पाझर तलावाच्या कामावर हजेरी मांडायला रोज जात. मातीकामाचा तो धुरळा हवेच्या जाळीतूनही आत शिरतो, तेलात कालवला जातो आणि सिलिंडरला कानशीसारखा घासतो. गाडी बंद पडती, तर हजेरी बुडती. हजेरीवाचून मजुरांना पगार कसला? पाटल्या मोडल्या त्या यासाठी. वडिलांना हे बोलायची लाज वाटत असावी. आईने कधी बोलून दाखवले नाही. तिला लाज वाटायचे कारणच नव्हते.

सिलिंडर पुन्हा कातला. नव्या पिस्टनवर ६५.७५ आहे, जुना मी धुऊन कपाटात ठेवला. सातव्या किकेला निळा धूर निघाला आणि कोंबड्या उधळल्या.

नवा पिस्टन सिलिंडरशी जुळेपर्यंत गाडी दामटायची नसते. अशा संथ चालीला सुप्याचा रस्ता बरा. मी आईला म्हटले, "येतेस का मागं बसून?"

"आधी तू जाऊन ये," ती म्हणाली. "तलावात पाणी आहे का ते बघ."