‘काही देणे नाही’ असा कागद

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य होईपर्यंत घर भरलेलं असतं. नंतर उरते ती बाई आणि कागद. त्यातल्याच एका जुन्या कागदाची आज गोष्ट.

आपल्या देशात १५ ऑक्टोबर १९५३ पासून मृताच्या मालमत्तेवर शुल्क लागू झालं. लोक त्याला मृत्युकर म्हणत. मोठी संपत्ती पिढ्यान् पिढ्या मोजक्या घरांत साठू नये, हा हेतू. पुढे मोठ्या मालमत्तेवर हा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. लहान मालमत्तेला माफी होती. पण मृत्युपत्राचं प्रोबेट कोर्टातून घ्यायचं, तर आधी मालमत्तेचा हिशेब द्यावा लागे. मग शुल्क अधिकाऱ्याचा दाखला आणायचा : कर भरला, भरला जाईल किंवा काहीच देणं नाही. म्हणजे देणं शून्य असलं, तरी ते शून्य कागदावर दाखवावं लागे.

१९८५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी सांगितलं, की या करातून जेमतेम वीस कोटी रुपये मिळतात आणि त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त आहे. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंसाठी हा कर बंद झाला. त्याबरोबर तो दाखलाही गेला.

पण भीती गेली नाही. ‘वारसाकर भरावा लागेल, त्यापेक्षा भावाच्या नावावर करून टाक,’ असं आजही बायकांना सांगितलं जातं. बचत गटाच्या बैठकीत मी हे ऐकलंय. मैत्रिणींनो, नवऱ्याची किंवा वडिलांची जमीन वारसाने मिळाली म्हणून आज असा कर लागत नाही. थकलेली घरपट्टी किंवा सोसायटीचं कर्ज, ही वेगळी बाब.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र नसेल तर माणसाच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला.

तेव्हा मृत्यूचा दाखला हाती आला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, पोच घ्या. फेरफार मंजूर झाला की सातबारा काढून आपलं नाव बघा. आणि कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर गटात आणून वाचून घ्या. सही किंवा अंगठा त्यानंतरच.