घर तुमचं, सिमेंट तुमचं, मग त्यावरचा कर परत का मिळत नाही?

घर बांधायला काढलेली माणसं मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "दुकानदाराला, कारखानदाराला जीएसटीचं क्रेडिट मिळतं. मी पण सिमेंट-सळईची पक्की बिलं घेतली आहेत. मला ते पैसे परत मिळतील का?"

उत्तर सरळ आहे. नाही मिळत. पण हे 'नाही' आलं कुठून, ते समजून घ्यायला पंच्याऐंशी-नव्वद वर्षं मागे जावं लागतं. पोस्ट लांब आहे, पण स्वतः घर बांधणाऱ्याने आणि फ्लॅट घेणाऱ्याने, दोघांनीही वाचावी.

आधी हिशोब बघू. हजार चौरस फुटांच्या घराला मिस्त्री लोक साधारण ४०० गोण्या सिमेंट आणि ४ टन सळई धरतात. गोणी ३५० रुपये आणि सळई ६० हजार रुपये टन, करासकट, असं धरा. आजच्या १८ टक्के दराने सिमेंटमध्ये साधारण २१ हजार आणि सळईत साधारण ३६ हजार रुपये कर आहे. म्हणजे ५७-५८ हजार झाले. फरशी, वायर, पाइप, रंग अजून धरलेच नाहीत. आणि हा आजचा हिशोब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत सिमेंटवर २८ टक्के कर होता.

आता इतिहास.

१९३५च्या कायद्याने वस्तूंच्या विक्रीवर कर लावायचा अधिकार प्रांतांना मिळाला. त्याचा पहिला वापर झाला तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे आपल्या नागपूर-अमरावतीकडे. १९३८ साली तिथे पेट्रोल आणि वंगणाच्या विक्रीवर कर बसला. पुढच्याच वर्षी मद्रास प्रांताने सगळ्याच मालावर सर्वसाधारण विक्रीकर आणला. मग एकेक करत सगळे प्रांत त्या वाटेने गेले, मुंबई प्रांतही गेला.

दुकानातून आणलेल्या सिमेंटवर कर, यात वाद नव्हता. वाद झाला तो ठेकेदारावरून. ठेकेदार घर बांधून देतो तेव्हा तो सिमेंट 'विकतो' का? गॅनन डंकर्ली कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५८ साली न्यायालयाने सांगितलं, नाही विकत. करार इमारतीचा आहे, आणि तो एकसंध आहे. त्यातून विटा-सिमेंट वेगळं काढून त्यावर राज्याला विक्रीकर लावता येणार नाही.

राज्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. शेवटी घटना बदलली. ४६वी घटनादुरुस्ती झाली, १९८३ मध्ये लागू झाली, आणि ठेक्याच्या कामात वापरलेला माल ही कायद्यापुरती 'विक्री' ठरली. वर्क्स कॉन्ट्रॅक्ट टॅक्स तिथून सुरू झाला. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला.

या सगळ्या भांडणात एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला ठेकेदार. घरात राहायला जाणारा माणूस वादात कुठेच नव्हता. बिल मात्र त्याच्याच नावाने फाटत होतं.

१ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात व्हॅट आला. व्हॅटचं मोठं कौतुक म्हणजे वजावट, व्यापाऱ्यांच्या भाषेत सेट-ऑफ. आधीच्या टप्प्यावर भरलेला कर पुढच्या टप्प्यावर वजा होतो. पण ही वजावट नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला. ज्याच्याकडे नोंदणी क्रमांक नाही तो साखळीचं शेवटचं टोक, आणि सगळा कर त्याच्यावर येऊन थांबतो. घर बांधणारा माणूस कायद्याच्या नजरेत बिस्किटाचा पुडा घेणाऱ्यासारखाच ग्राहक.

त्याच वर्षी के. रहेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, बांधकाम चालू असताना फ्लॅटचा करार केला तर तोही एक प्रकारचा ठेकाच आहे. राज्य सरकारने संधी साधली. २० जून २००६ पासून कायद्यात दुरुस्ती केली आणि बांधकाम चालू असलेले फ्लॅट व्हॅटखाली आणले. बिल्डर कोर्टात गेले. बहुतेकांनी त्या काळात ग्राहकांकडून कर गोळाच केला नाही. १ एप्रिल २०१०ला सरकारने १ टक्क्याची सोपी योजना आणली, पण त्यात वजावट नाही.

मग आलं २०१२. १० एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि २००६ ते २०१० मधल्या करारांचा हिशोब उघडला. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या लोकांना आठवत असेल. चार-पाच वर्षं घरात राहून झालेल्या लोकांना बिल्डरांची पत्रं आली: कराराच्या किमतीवर ५ टक्के भरा. माझ्या ओळखीच्या कितीतरी सोसायट्यांमध्ये तेव्हा रोज रात्री मीटिंगा चालायच्या. तीस लाखांच्या फ्लॅटला दीड लाख, आणि ते आठ-पंधरा दिवसांत. पत्रात पाच टक्क्यांचा आकडा ठळक असायचा. जमिनीची किंमत वजा होते का, मजुरी वजा होते का, बिल्डरला सिमेंट-सळईवर किती वजावट मिळाली, याबद्दल मात्र एक ओळ नसायची. कायद्याने या गोष्टी वजा होत होत्या. पण हिशोब बिल्डरकडे होता आणि तो मागायचा कसा, हेच लोकांना माहीत नव्हतं. कित्येकांनी घाबरून भरून टाकले.

२६ सप्टेंबर २०१३ला लार्सन अँड टुब्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर कायम ठेवला, पण एक गोष्ट स्पष्ट केली: कर लागेल तो ग्राहकाशी करार झाल्यानंतरच्या बांधकामावर. त्याआधी उभ्या राहिलेल्या मजल्यांवर नाही. तोपर्यंत ज्यांनी सरसकट पाच टक्के मोजले होते, त्यातले किती जण फरक मागायला परत गेले असतील, तुम्हीच विचार करा.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला. एक्साइज, व्हॅट, मुंबईची जकात, सगळं गेलं. सिमेंटला २८ टक्क्यांचा गट मिळाला. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर प्रत्यक्षात १२ टक्के, आणि बिल्डरला सिमेंट-सळईच्या कराचं क्रेडिट. ते क्रेडिट किमतीतून ग्राहकापर्यंत पोचत नाही, अशी ओरड झाली. म्हणून १ एप्रिल २०१९ पासून दर ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांना १ टक्का झाला, पण बिल्डरचं क्रेडिट बंद. २०१०च्या योजनेचाच हा मोठा भाऊ. दर दिसायला कमी, आणि मालावरचा कर किमतीच्या पोटात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही म्हणतात, पण मालावरचा कर त्याच्याही किमतीत मुरलेला असतोच.

मग जगात कुणीच हा कर परत देत नाही का? देतात. ब्रिटनमध्ये १९७३ला व्हॅट आला तेव्हापासून नवीन घराच्या बांधकामावर शून्य दर आहे. बिल्डरला मालावरचा कर परत मिळतो. मग जो स्वतः घर बांधतो त्याने का भरायचा? म्हणून तिथे स्वतः घर बांधणाऱ्याला परताव्याची सोय आहे, सध्या १९९४च्या व्हॅट कायद्याच्या कलम ३५ खाली. घर पूर्ण झाल्यावर बिलांसकट एकदाच अर्ज करायचा. आधी त्याला तीन महिन्यांची मुदत होती, डिसेंबर २०२३ पासून सहा महिने झाली. विटा, सिमेंट, कौलं, दारं-खिडक्या चालतात. गालिचे, सुटं फर्निचर, आर्किटेक्टची फी चालत नाही. कॅनडातही नव्या घरावरच्या कराचा काही भाग परत मिळतो, स्वतः बांधलं असेल तरी.

आपल्याकडे हे सुचवलं की दोन आक्षेप येतात. पहिला, लोक खोटी बिलं लावतील. खरं आहे, काही लावतील. पण आज काय चाललंय? "बिल नको असेल तर एवढे कमी द्या," हे प्रत्येक तालुक्याच्या दुकानात ऐकू येतं. परतावा मिळणार असेल तर घरमालक स्वतःच पक्कं बिल मागेल.

दुसरा आक्षेप, ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही त्याला परतावा द्यायचा कसा? याचं उत्तर सरकारने स्वतःच देऊन ठेवलंय. २७ डिसेंबर २०२२च्या परिपत्रकाने, बुकिंग रद्द झालेल्या फ्लॅटवर भरलेला जीएसटी नोंदणी नसलेल्या माणसालाही पोर्टलवर मागता येतो. तात्पुरती नोंदणी करायची, कागद जोडायचे, पैसे खात्यात. म्हणजे यंत्रणा आहे. प्रश्न इच्छेचा आहे.

सगळ्यांना परतावा द्या, असं माझं म्हणणं नाही. तीन मजली बंगला बांधणाऱ्याने कर भरावा. पण घरकुलाचं काय? २०१६ला प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली तेव्हा सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार ठरले. २०२४ला योजना पुढे वाढवली, तेव्हाही केंद्राने आकडा तोच ठेवला. त्यातून लाभार्थी शंभर गोण्या सिमेंट आणतो. २८ टक्के असताना वरच्याच भावाने साडेसात हजारांच्या वर नुसता सिमेंटवरचा कर जात होता, आजही पाच हजारांच्या वर जातो. एका हाताने हप्ता जमा करायचा आणि दुसऱ्या हाताने त्यातलाच कर कापायचा. ही यादी सरकारकडे आहे, बँक खातं आहे, प्रत्येक टप्प्याचा फोटो आहे. बिलं अपलोड करून हा कर खात्यात परत देणं अजिबात अवघड नाही. जीएसटी कौन्सिलमध्ये राज्याचा मंत्री बसतो. आपल्या आमदार-खासदारांना हे विचारायला हरकत नाही.

तोपर्यंत दोन कामं करा. फ्लॅटचं बुकिंग रद्द झालं असेल तर बिल्डरने रद्द झाल्याचं पत्र दिल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत जीएसटीचा परतावा मागा. आणि घर बांधताय तर बिलं पक्की घ्या, फाईलला लावून ठेवा. उद्या कुणी सवलत आणलीच, तर पहिला प्रश्न बिलाचाच असेल.