हरवलेला कागद आणि गोताची साक्ष

परमुलखात निवासाचा दाखला हरवला किंवा चोरीस गेला, तर आजचा प्रवासी प्रथम पोलिसांत वर्दी देतो आणि ज्या सरकारने तो दिला त्याच्या वकिलातीकडे अर्ज करतो. तेथील दप्तरातील नोंदीवरून दुसरा दाखला निघतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रसंग भोर व वेल्हे या भागांतील वतनदारांवर आला. परंतु ज्या दप्तरावरून दुसरा कागद निघावयाचा, ते दप्तरच तेव्हा ठिकाणावर नव्हते. 1689 च्या नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती पडला आणि तेथील कागदांची वाताहत झाली. छत्रपती राजाराम त्यापूर्वीच कर्नाटकाकडे निघून गेले होते.

रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ या खोऱ्यांत जेधे, बांदल, शिळीमकर ही देशमुख घराणी नांदत होती. वतनपत्र हा त्यांच्या उत्पन्नाचा आधार होताच. पण मनुष्य कोठला, हेही त्यावरूनच ठरत असे. गाव सोडून गेलेला मिरासदार अनेक वर्षांनी परतला तरी आपली मिरास मागू शकत असे, उपऱ्याला तो हक्क नव्हता. परागंदा होताना कुटुंबाने कागद जिवापाड जपण्याचे कारण हे आहे. धामधुमीत ते जळत, लुटले जात, पुरून ठेवलेले कुजत.

कागद गेलेल्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली राजाकडे जाण्याची. जिंजी मावळापासून शेकडो कोस दूर. तरीही नव्या पत्रासाठी लोक तेथवर गेले आणि तेथून पत्रे मावळातही आली. कारीच्या बाजी सर्जेराव जेध्यांना राजारामांनी 1690 साली लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. मोगलही त्याच वतनांच्या सनदा देत असल्यामुळे एका वतनाला दोन धनी आणि दोन कागद, अशी अवस्था झाली. कागद मिळविणे त्यामुळे सोपे झाले आणि त्याची पत उतरली.

दुसरी वाट गोतसभेची, आणि खरा निकाल बहुधा तेथेच लागे. वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचे राजीनामे व जामीन देत. मग प्रत्येकाने आपला करीना, म्हणजे घराण्याची व हक्काची हकीकत, लिहून द्यावयाची. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसून भोगवटा कोणाचा हे सांगत. स्वस्थळी पक्षपाताचा संशय असेल तर वाद परस्थळी नेत. साक्षीने निर्णय न झाल्यास दिव्यही करावे लागे. महजरावर पाटील नांगराची आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. अक्षरशत्रू असलेल्या या साक्षीदारांनी उभा केलेला कागद, शिक्का असलेल्या परंतु गोताने न ओळखलेल्या सनदेपेक्षा अधिक टिके. दूरच्या प्रवाशाची अडचण हीच होती : राजा जिंजीस भेटू शके, गोत तेथे भेटत नसे.

राजपत्रे तपासून त्यांतील अधिक-उणे दुरुस्त करणे हे अष्टप्रधानांपैकी सचिवाचे काम. राजारामांच्या कारकिर्दीत ते पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले, आणि पुढे त्यांच्याच वंशजांचे संस्थान भोरला झाले. कागद तपासणाऱ्याचे घर मावळात, आणि मावळातच कागदांचा असा दुष्काळ! 1704 मध्ये औरंगजेबाने राजगड व तोरणा घेतले. तोरण्यास फुतूहुल्गैब हे नाव दिले. 1707 मध्ये शाहू परतले, तेव्हा ताराबाईंच्या पक्षाची पत्रे आणि शाहूंची पत्रे असा तिसरा पेच उभा राहिला. शंकराजींचे निधन त्याच वर्षी आंबवडे येथे झाले. त्यांची समाधी तेथे आहे.

जेधे करीना आज शिवकालाच्या अभ्यासाचे साधन म्हणून वाचला जातो. करीना या प्रकाराचा मूळ उपयोग मात्र हक्क सांगण्याचा होता. पूर्वजांनी कोणाच्या पदरी काय केले, हे त्यात याच हेतूने नोंदलेले असते. त्यामुळे त्यातील तपशील तोलताना, तो कोणासमोर वाचावयाचा होता हे अभ्यासकाने आधी पाहणे इष्ट.